ईडब्ल्यूएसची सीट रद्द झाली, बाबांची नोकरी गेल्याचं सांगून अपील करता येतं का?

देवगड_कातळ

नमस्कार मंडळी, जरा लांबलचक आहे, सांभाळून घ्या. प्रश्न माझ्या धाकट्या बहिणीच्या २०२५ च्या इंजिनियरिंग ॲडमिशनचा आहे. तिला सीईटीला ९४.८ पर्सेंटाइल आहे, आम्ही ओपनमधले, म्हणून फॉर्म भरताना ईडब्ल्यूएस, म्हणजे आर्थिक दुर्बल घटक, टाकलं आणि सर्टिफिकेट हातात नव्हतं म्हणून सेतूतल्या अर्जाची पावती जोडली. पहिल्याच राउंडला पुण्यातल्या एका खासगी कॉलेजात कॉम्प्युटर लागलं, घरात पेढे वाटून झाले. आणि मग तहसीलमधून अर्ज परत आला, शेरा काय तर कुटुंबाचं उत्पन्न ८ लाखांपेक्षा जास्त. कॉलेजने सांगितलं सर्टिफिकेट नाही तर सीट रद्द, पुढच्या राउंडला ओपनमधून बघा.

आता खरी परिस्थिती सांगतो. बाबा २६ वर्षं ठाण्यात एका कंपनीत होते, शेवटचा पगार महिना ८२ हजार. ऑगस्ट २०२४ मध्ये कंपनीने गाशा गुंडाळला, बाबा गावी आले आणि आता आमची ६० कलमं बघतात. यंदा आंब्याचं काय झालं ते इथे कोणाला सांगायला नको, मोहोर दोनदा आला आणि दोनदा गळला. आई घरीच असते. मी कुडाळला एका दुकानात अकाउंट्स बघतो, १८ हजार मिळतात. म्हणजे ८ लाख सोडा, त्याच्या जवळपास पण आम्ही नाही.

मी कॉलेजला जाऊन ऑफिसात हे सगळं सांगितलं, बाबांचं कंपनीचं पत्र पण दाखवलं. तिथल्या मॅडम म्हणाल्या, वाईट वाटतं पण आमच्या हातात नाही. एक काका म्हणतात प्रिन्सिपलना सविस्तर अर्ज लिह, दुसरे म्हणतात सरळ कोर्टात जा, तिसरे म्हणतात जमीन गहाण ठेव आणि मॅनेजमेंट कोटा घे. घरची परिस्थिती बदलली या कारणावर अपील करता येतं का, आणि करायचं तर कोणाकडे? बहीण दोन दिवस जेवली नाहीये.

सुपारीबाग

दादा, आधी बहिणीला जेवायला घाला. मी २०२० ची, दापोली तालुक्यातली. ३ जूनला निसर्ग वादळ आलं आणि आमची सुपारीची बाग दुपारी दोन तासांत आडवी झाली, नारळ पण गेले. त्या वर्षी सीईटीच ऑक्टोबरला झाली त्यामुळे ॲडमिशन वगैरे पार पुढच्या वर्षात गेलं. तुमचे काका म्हणतात तसा प्रिन्सिपलना अर्ज मी पण लिहिला होता, दोन पानी, पंचनाम्याची झेरॉक्स आणि पडलेल्या माडांचे फोटो लावून. मी समोर उभी असताना क्लार्कने त्यावर आवक शिक्का मारला, नंबर टाकला आणि एका ट्रेमध्ये ठेवला, त्या ट्रेमध्ये तसलेच अजून वीसेक अर्ज होते. उत्तर आजपर्यंत आलेलं नाही.

मला राग आला होता तेव्हा. पण नंतर कळलं की कॅप राउंडची, म्हणजे सरकारच्या केंद्रीय प्रवेशफेरीची, सीट प्रिन्सिपल देतच नाही तर तो परत तरी कुठून देणार. गुण, कॅटेगरी आणि कागद, एवढंच ते कॉम्प्युटर बघतं. तुमची हालत कितीही खरी असली तरी ती कुठल्यातरी दाखल्यावर यायला पाहिजे, नाहीतर ती नाहीच. त्यामुळे अर्ज लिहीत बसू नका, दाखल्याच्या मागे लागा.

जुना_कारकून

मी तहसील कार्यालयातून रिटायर झालो, त्यामुळे माझं नाक आधी कागदाकडे जातं. तुमचं गणित मला जुळत नाही. पगार ऑगस्टपर्यंत, म्हणजे एप्रिल ते ऑगस्ट पाच महिने, ८२ गुणिले ५ म्हणजे ४ लाख १० हजार. हिशेब मिटवताना काही मिळालं असेल ते धरा, आंब्याचं धरा, तरी ८ च्या वर जायला नको. मग तहसीलने ८ लाखांच्या वर कुठून काढलं? अर्जाला उत्पन्नाचा पुरावा म्हणून काय जोडलं होतं ते सांगा. नक्की काय, कुठल्या वर्षाचं, आणि त्यावर काय शब्द छापलेत ते कागद हातात घेऊन वाचा. आठवणीतून सांगू नका.

देवगड_कातळ

काका, कंपनीच बंद झाल्यामुळे या वर्षीचा फॉर्म १६, म्हणजे पगाराचा आणि कापलेल्या टॅक्सचा कंपनीचा दाखला, मिळालाच नाही. सेतूवाला म्हणाला आयटीआर, म्हणजे इन्कम टॅक्सचं रिटर्न, चालेल. मग मी बाबांचा आयटीआर जोडला. २०२४-२५ चाच आहे, मी बघून जोडलाय, वरती मोठ्या अक्षरात २०२४-२५ लिहिलंय. एकूण उत्पन्न ९ लाख ८४ हजार. आता हे लिहिताना मलाच विचित्र वाटतंय की ऑगस्टला नोकरी गेली तर बारा महिन्यांचा पगार कसा आला त्यात.

जुना_कारकून

आता त्या २०२४-२५ च्या आधी काय लिहिलंय ते वाचा. असेसमेंट इयर लिहिलंय ना?

देवगड_कातळ

आईशप्पथ. हो. असेसमेंट इयर २०२४-२५.

जुना_कारकून

बास, सापडलं. असेसमेंट इयर २०२४-२५ म्हणजे उत्पन्न २०२३-२४ चं, तेव्हा बाबा पूर्ण वर्ष नोकरीत होते. तुम्हाला दाखवायचं होतं आर्थिक वर्ष २०२४-२५ म्हणजे १ एप्रिल २०२४ ते ३१ मार्च २०२५, त्याचा आयटीआर असेसमेंट इयर २०२५-२६ चा असतो. ही चूक दर जून-जुलैला टेबलावर यायची, शिकलेसवरलेले लोक करतात. तुम्ही तर अकाउंट्सवाले, जाऊ दे बोलत नाही. सेतूवाल्याने बघितलं नाही, आमच्या लोकांनी आकडा बघितला आणि शेरा मारला. त्यांचं पण अगदीच चुकलं असं नाही म्हणणार, तुम्हीच जो कागद दिला त्यावर तेच होतं.

म्हणजे तुमचं अपील परिस्थिती बदलली म्हणून दया करा असलं नाहीच आहे. नियमाने जे वर्ष धरायचं ते धरलं गेलं नाही, एवढंच आहे. आता करायचं ते असं. इन्कम टॅक्सच्या पोर्टलवर बाबांच्या लॉगिनने २६एएस काढा, कंपनीने किती पगार दिला आणि किती टीडीएस कापला ते त्यात महिन्यावार दिसतं, कंपनी बंद असली तरी दिसतं. रिटर्नची मुदत अजून गेलेली नाही, तुम्ही लगेच भरून टाका आणि त्याची पोच घ्या. नोकरी संपल्याचं पत्र, बाबांचं पासबुक, बागेचा सातबारा आणि आंबा वाशीला पाठवला असेल तर दलालाच्या पट्ट्या. आंब्याचं उत्पन्न लपवू नका, ईडब्ल्यूएसला शेतीचं उत्पन्न धरतात. तुमचा १८ हजार पगार मात्र धरत नाहीत, तुमच्या घरात बहीण स्वतः, आईवडील आणि १८ वर्षांखालची भावंडं एवढंच कुटुंब त्यात येतं. तुम्ही १८ च्या वर असाल असं समजतो, कुडाळला नोकरी करताय म्हणून.

मग तलाठ्याला स्वतः जाऊन भेटा. आता त्यांना ग्राम महसूल अधिकारी म्हणायचं असतं पण तुम्ही भाऊ म्हणा, काम होईल. तो जो चौकशी अहवाल वर पाठवतो त्यावर सगळं आहे. जुन्या अर्जावर भांडत बसू नका, नवीन अर्ज टाका आणि सोबत साध्या कागदावर चार ओळी द्या की आधीच्या अर्जात चुकून मागच्या वर्षाचं विवरणपत्र जोडलं गेलं. उत्पन्नाच्या दाखल्याला लोकसेवा हक्क कायद्यात १५ दिवस आहेत, लावून ठेवला तर त्याच कायद्यात वरच्या साहेबाकडे अपील आहे. पण अपिलाची वेळ येऊ देऊ नका, गणपती २७ ऑगस्टला आहेत, २० नंतर ऑफिसात कोण सापडतंय.

मालवणी_मिरची

अरे झिला एवढा सगळा कित्याक करतंस? एजंट आसा वळखीचो, पैशे घेता नि तीन लाखाचो दाखलो काढून देता. कोणाक कळता?

जुना_कारकून

मिरचीताई, दाखला ऑनलाइन तपासता येतो, बारकोड असतो त्यावर. खोटा निघाला तर तिसऱ्या वर्षाला असली तरी पोरीची ॲडमिशन जाईल आणि बापावर गुन्हा दाखल होईल. आणि या घराचं खरं उत्पन्नच ८ च्या आत आहे, मग खोट्याला पैसे कशाला घालवायचे?

मालवणी_मिरची

माका काय म्हायत, मी आपला सांगलंय.

लेक्चरर_बाई

मी एका इंजिनियरिंग कॉलेजात शिकवते, दर वर्षी ॲडमिशनच्या वेळी कागद तपासायची ड्युटी असते. काकांनी मूळ सापडवलं ते उत्तमच, पण आता पुढचं ऐका कारण इथेच लोक गडबडतात.

ती पुण्याची सीट परत मिळेल ही आशा सोडा. पावतीवर ईडब्ल्यूएस क्लेम केलं की ठरलेल्या तारखेच्या आत सर्टिफिकेट द्यावंच लागतं, नाही दिलं की ओपनमध्ये टाकतात, आणि फायनल मेरिट लिस्ट लागल्यावर कॅटेगरी परत बदलत नाहीत. तक्रारीची खिडकी असते ती प्रोव्हिजनल मेरिट लिस्टनंतरचे तीन-चार दिवस, ती गेली. खासगी कॉलेजांतल्या प्रवेशांवर देखरेख करायला मुंबईत प्रवेश नियामक प्राधिकरण आहे, २०१५ च्या कायद्याने झालेलं, तिथे तक्रार करता येते. पण कॉलेजने नियम मोडला असेल तर. तुमच्या कॉलेजने नियम पाळलाय. कोर्टाचं म्हणाल तर १८ ऑगस्ट २०२५ पासून हायकोर्टाचं सर्किट बेंच कोल्हापूरला सुरू होतंय, सिंधुदुर्ग त्यातच येतो, म्हणजे मुंबईऐवजी फोंडाघाट चढलात की झालं. पण काय सांगणार तिथे? आम्हीच चुकीच्या वर्षाचा कागद जोडला, असं? वकिलाची फी तेवढी जाईल. माझं हे मत कोणाला कडक वाटेल, पण दर वर्षी दोन-तीन पालक या नादात पुढचे राउंड घालवताना बघितलेत.

पुढचे राउंड हीच खरी गोष्ट. ती ओपनमध्ये अजून आत आहे, बाहेर फेकलेली नाही. आजच ऑप्शन फॉर्म उघडून नीट भरा, पहिल्या राउंडसाठी जसा स्वप्नं बघत भरला तसा नको. रत्नागिरीचं सरकारी कॉलेज, लोणेरे, घराजवळची सगळी घाला. २०२५ पासून नियम बदललाय, दुसऱ्या राउंडला पहिल्या तीन पसंतींपैकी आणि तिसऱ्या राउंडला पहिल्या सहापैकी काही लागलं तर ते घ्यावंच लागतं, नाही घेतलं तर पुढच्या राउंडमधून बाहेर. त्यामुळे वरती उगाच काहीही टाकू नका.

आणि मॅनेजमेंट कोटा किंवा इन्स्टिट्यूट लेव्हलची सीट घाबरून घेऊ नका!! हे तिसऱ्या काकांना पण वाचून दाखवा. शासनाची फी सवलत फक्त कॅपमधून प्रवेश घेतलेल्यांना मिळते. जुलै २०२४ च्या जीआरप्रमाणे ८ लाखांच्या आतल्या ईडब्ल्यूएस, ओबीसी, एसईबीसी मुलींची व्यावसायिक कोर्सची ट्यूशन फी आणि परीक्षा फी पूर्ण माफ आहे, मुलगा असता तर अर्धी ट्यूशन फी मिळाली असती. म्हणजे सीट ओपनमधून लागली तरी तो दुरुस्त दाखला वाया जात नाही, महाडीबीटीवर, म्हणजे सरकारच्या शिष्यवृत्तीच्या पोर्टलवर, राजर्षी शाहू महाराज शिष्यवृत्तीचा अर्ज भरताना तोच लागतो. त्याची मुदत ॲडमिशननंतर बरीच असते. तुमच्या घराला पुण्याच्या सीटपेक्षा या दाखल्याने जास्त पैसे वाचणार आहेत. डेव्हलपमेंट फी आणि होस्टेल मात्र भरावंच लागतं, तेवढी तयारी ठेवा.

पुण्याला काही फी भरली होती का? भरली असेल तर परत मागा, शेवटच्या तारखेच्या आत रद्द झालेल्या प्रवेशाला जास्तीत जास्त १००० रुपये कापता येतात. मूळ कागदपत्रं अडवून ठेवता येत नाहीत.

खाडीपलीकडे

मॅडम मधेच विचारतो सॉरी. आमच्या घरी उलटं आहे, बाबा बोटीवर होते, मार्चपर्यंत पूर्ण पगार आला आणि मे महिन्यात आजारी पडून साइन ऑफ झाले ते घरीच. आता रुपया येत नाही पण दाखला १२ लाखांचा निघतो. आमच्यासाठी काहीच नाही का?

लेक्चरर_बाई

खरं सांगू का, यंदा नाही. मागचं आर्थिक वर्ष धरतात आणि त्यात तुमच्या बाबांचा पगार आहे, त्याला कुठल्याच टेबलावर अपील नाही. हा नियमातला सरळसरळ दोष आहे, माणूस मे महिन्यात अंथरुणाला खिळतो आणि कागदावर पुढच्या एप्रिलपर्यंत तो श्रीमंत राहतो. पण प्रवेश कॅपमधूनच घ्या. पुढच्या वर्षी २०२५-२६ च्या उत्पन्नाचा दाखला काढून दुसऱ्या वर्षासाठी महाडीबीटीवर अर्ज करा, आमच्याकडे मुलं करतात. हे एक वर्ष कसं काढायचं तो प्रश्न आहे, कर्जाचं कोणीतरी सांगेल.

बँकेतला

मीच सांगतो. शैक्षणिक कर्जाला ४ लाखांपर्यंत तारण लागत नाही, आणि क्रेडिट गॅरंटी योजनेत साडेसात लाखांपर्यंत विनातारण देता येतं. मॅनेजर जमीन मागायला लागला तर हे सांगा, नम्रपणे सांगा. हप्ते कोर्स संपून वर्ष झाल्यावर सुरू होतात. बोटीवाल्यांसाठी एक, बाबांचं सीडीसी, म्हणजे बोटीवरच्या नोकरीच्या नोंदीचं पुस्तक, घेऊन या, साइन ऑफचा शिक्का आणि तारीख बघितली की आम्हाला पण कळतं की १२ लाख हा जुना आकडा आहे. सगळ्या शाखांत ऐकतील असं नाही, पण कर्ज देताना माणूस तरी समोर असतो, पोर्टलसारखं नाही. कातळदादा, तुम्ही कलमं गहाण ठेवू नका, गरज नाही.

देवगड_कातळ

सगळ्यांचे खूप आभार, थोडं उशिरा लिहितोय. २६एएस निघालं, त्यात ऑगस्टपर्यंतचे पाच पगार आणि शेवटी मिटवलेले ९० हजार दिसले. वाशीच्या पट्ट्या आईने फडताळात गोधडीखाली ठेवल्या होत्या, हमाली, तोलाई, भाडं सगळं कापून हातात आलेला आकडा बघून मला पहिल्यांदा कळलं बाबा हल्ली रात्री ओटीवर का बसून असतात. तलाठीभाऊ भला माणूस निघाला, म्हणाला मला आधी का नाही भेटलात. एकूण ६ लाख १० हजार धरलं त्यांनी.

बहिणीला पुढच्या राउंडला ओपनमधूनच रत्नागिरीत लागलं, कॉम्प्युटर नाही, इलेक्ट्रॉनिक्स. एक दिवस तोंड पाडून बसली होती, आता होस्टेलची चौकशी करतेय. पुण्याचे पैसे १००० कापून परत आले. प्रिन्सिपलना अर्ज लिहिलाच नाही, कोर्टवाल्या काकांना कोल्हापूरचं सांगितलं तर म्हणाले घाटात मला गाडी लागते.

आणि दाखला आला!! काल संध्याकाळी. पण एक विचारायचंय, दाखल्यावर बाबांचं नाव सुर्यकांत आहे आणि आधारवर सूर्यकांत. चालेल का?

जुना_कारकून

मराठीतला ऱ्हस्वदीर्घ कोणी बघत नाही. इंग्रजी स्पेलिंग आणि आडनाव बघा.

देवगड_कातळ

इंग्रजी नाव बरोबर आहे. आडनावात एक ए जास्त आहे.

जुना_कारकून

मग जा परत सेतूत. उद्याच जा, परवा शटर खाली असेल.

देवगड_कातळ

जातो. आई म्हणते जातोच आहेस तर येताना बाजारातून गणपतीच्या वर बांधायच्या माटवीला कवंडाळं घेऊन ये.